पास म्हणजे काय?



सध्या मी अदलियाला मुलाकडे आहे. गेल्या आठवड्यात सकाळीच खालच्या मजल्यावर कामाला असलेली अलिबागकडची बाई रडत वर आली. "मावशी, माझा नवरा गेला!" म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. नवऱ्याबरोबर इस्पितळात थांबलेल्या सोबत्याने इंग्रजीत निरोप पाठवला होता: "ही पास्ड ॲट फोर. टेक होम ईव्हनिंग." तिच्या मॅडमचे वडील वारले तेव्हा घरात सगळे "पास्ड" असेच म्हणत होते. मग तिने दुसरा काय अर्थ घ्यायचा? आणि "टेक होम" म्हणजे काय घरी न्यायचे?

माझेही हातपाय गार पडले, खोटे कशाला सांगू. पण तो पोटात कळ आली म्हणून दाखल झालेला. मी वॉर्डात फोन लावला. मल्याळी सिस्टर होती, हसून म्हणाली, स्टोन पास झाला, ४ मिलिमीटरचा. मुतखडा पडला होता हो! एवढा लहान खडा पुष्कळदा आपणहून पडतो, भरपूर पाणी प्यायला हवे. इथल्या उन्हात काम करणारी माणसे घामाने सुकतात, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. बाईला सांगितले तर ती आधी खाली बसली, मग नवऱ्यालाच शिव्या घातल्या.

आम्हा नर्सेसना हा शब्द रोजचा. मुंबईच्या वॉर्डात मी एका आजोबांना विचारले होते, "युरिन पास केली का?" ते म्हणाले, "सिस्टर, मी तर सातवी नापास." आपल्याकडे मॅट्रिक पास, ठराव पास, रेल्वेचा पास, वर टाइमपास. वॉर्डात माणूस गेला की आम्ही "एक्स्पायर" लिहायचो, औषधाच्या बाटलीसारखे. मला ते कधी आवडले नाही, पण त्यात घोटाळा तरी होत नसे.

आपला सणसुद्धा ह्या शब्दात अडकलाय. "पासओव्हर" हा शब्द विल्यम टिंडेलने १५३०च्या भाषांतरात घडवला. मराठी बायबलात "वल्हांडण" आहे, म्हणजे ओलांडून जाणे. हिब्रू "पासाह" तरी कुठे एका अर्थाचा? त्याच धातूवरून लंगड्याला "पिसेआह" म्हणतात, आणि यशायाच्या ३१व्या अध्यायात त्याचा अर्थ राखणे असा लागतो. मृत्यू घरावरून पुढे गेला, की देवाने दारात उभे राहून घर राखले? मला दुसरा अर्थ बरा वाटतो, रात्रपाळीच्या सिस्टरसारखा.

आमच्या वाडवडिलांनी ह्या कशातच न पडता त्याला "अनशी ढाकाचा सण" म्हटले. आंबट अनसाचे भांडे झाकून ठेवायचे, झाले!

संध्याकाळी तो घरी आला. खडा कागदाच्या पुडीत घालून मला दाखवायला आणला होता.