आकड्यांची आणेवारी

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या दफ्तरात १९६१-६२ च्या हंगामापुढे विल्ट चेंबरलेन या सात फूट एक इंच उंचीच्या खेळाडूच्या नावे सामन्यागणिक सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रीबाउंड अशी जी नोंद आहे, ती वाचणारा आजचा तरुण प्रेक्षक एक तर चेंबरलेनला मानवकोटीतून उचलून देवकोटीत नेऊन बसवतो, किंवा त्या काळचे प्रतिस्पर्धी अगदीच सुमार असले पाहिजेत असे म्हणून ती नोंद निकालात काढतो. पहाटे उठून अमेरिकेतले सामने पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांशी बोलताना हे दोन्ही पक्ष सारख्याच आवेशाने मांडलेले मी ऐकतो, आणि दोहोंतही मला एकच उणीव जाणवते : आकडा सर्वांना पाठ असतो, पण तो ज्या परिस्थितीत जन्मला तिची कैफियत कोणी मागत नाही.

ती कैफियत मोठी उद्बोधक आहे. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन आणि मिनीआपोलिस यांच्यातील सामना १९-१८ अशा गुणांनी संपला, कारण चेंडू हाती आला की तो सोडायचाच नाही ही नीती त्या वेळच्या नियमांत पूर्णपणे वैध होती. या कंटाळवाण्या प्रकारावर सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी जी तजवीज सुचवली तिचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे होते : रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा नेम धरतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, तेव्हा एका नेमाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. १९५४-५५ पासून हा चोवीस सेकंदांचा निर्बंध अमलात आला आणि खेळाने असा वेग घेतला की १९६१-६२ मध्ये एकेक संघ स्वतंत्रपणेच सामन्यात सरासरी १०८ च्या आसपास नेम धरू लागला. आज हा आकडा नव्वदीच्या आतबाहेर असतो. शिवाय नेम आजच्या मानाने कच्चा होता, शंभरांपैकी जेमतेम त्रेचाळीस साधत. आणि चुकलेला बहुतेक प्रत्येक नेम हा कोणाच्या तरी हाती पडणारा रीबाउंड असल्यामुळे एका संघाला सामन्यात सरासरी ७१ रीबाउंड मिळत. चेंबरलेनने इतके रीबाउंड घेतले ते त्याच्या सामर्थ्यावर घेतले यात शंका नाही. परंतु घेण्याजोगे इतके होते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे महसूल खात्यात पिकाची आणेवारी ठरवण्याची जी जुनी वहिवाट होती, तीत शेतात किती मण धान्य आले एवढ्यावरून सालाचा निवाडा होत नसे. पूर्ण पीक सोळा आणे धरून त्याच्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे पाहिले जाई. खेळाडूंच्या आकड्यांचीही अशीच आणेवारी व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. अमक्याने किती गुण केले यापेक्षा त्याच्या काळात उपलब्ध असलेल्या गुणांपैकी, रीबाउंडपैकी, मिनिटांपैकी त्याने किती हिस्सा आपल्या नावे केला, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे.

या न्यायाने ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूक यांची जोडी तपासण्यासारखी आहे. रॉबर्टसनने त्याच १९६१-६२ च्या हंगामात सरासरी ३०.८ गुण, १२.५ रीबाउंड आणि ११.४ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, अशी कामगिरी केली, आणि तिन्ही रकान्यांत दोन अंकी सरासरी राखण्याचा हा विक्रम पंचावन्न वर्षे अबाधित राहिल्यानंतर वेस्टब्रूकने २०१६-१७ मध्ये ३१.६ गुण, १०.७ रीबाउंड आणि १०.४ असिस्ट मिळवून त्याच्या पंक्तीत स्थान मिळवले. नुसते आकडे मांडले तर रीबाउंडांत रॉबर्टसन पुढे दिसतो. परंतु तो सामन्यात सरासरी ४४ मिनिटे मैदानावर असे, वेस्टब्रूक साडेचौतीस. आणि २०१६-१७ मध्ये एका संघाच्या वाट्याला ७१ नव्हे तर साडेत्रेचाळीसच्या सुमारास रीबाउंड येत. हिशेब मांडला तर असे दिसते, की आपण मैदानावर असताना उपलब्ध झालेल्या शंभर रीबाउंडांपैकी रॉबर्टसनने दहाच्या आसपास घेतले आणि वेस्टब्रूकने सुमारे सतरा. मात्र येथेच फैसला लिहून टाकण्याची घाई मी करणार नाही. वेस्टब्रूकच्या संघाची रचनाच अशी होती, की स्टीव्हन ॲडम्ससारखे धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्यांना अंगाने अडवून धरीत आणि चेंडू वेस्टब्रूकच्या हाती पडू देत, जेणेकरून त्याला तत्काळ उलट चढाई करता यावी. हिश्शाचा आकडा सरळ आकड्याहून प्रामाणिक असतो. पण त्यामागेही सहकाऱ्यांचे श्रम असतात आणि ते त्या आकड्यात दिसत नाहीत.

दुसरे उदाहरण २ मार्च १९६२ च्या त्या सुप्रसिद्ध रात्रीचे. पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, अवघ्या ४,१२४ प्रेक्षकांसमोर, फिलाडेल्फियाकडून खेळताना चेंबरलेनने न्यूयॉर्कविरुद्ध शंभर गुण केले. त्या सामन्याचे दूरचित्रण उपलब्ध नाही. संघाचे प्रसिद्धीचे आणि आकडेनोंदणीचे काम पाहणारे हार्वे पोलॅक यांनी एका कागदावर हाताने १०० असा आकडा लिहिला, तो चेंबरलेनने हाती धरला आणि छायाचित्र निघाले. त्या रात्रीची स्मृती जगाने त्या कागदाच्या रूपाने जपली आहे. त्याने ६३ पैकी ३६ नेम साधले आणि, जो खेळाडू फ्री थ्रोमध्ये आयुष्यभर दुबळा म्हणून ओळखला गेला, त्याने त्या रात्री चेंडू दोन्ही हातांनी खालून वर टाकण्याच्या पद्धतीने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले. संघाचे एकूण गुण १६९ होते, म्हणजे चेंबरलेनचा हिस्सा शेकडा एकोणसाठ. आता २२ जानेवारी २००६ चा लॉस एंजेलिस आणि टोरोंटो यांच्यातील सामना घ्या : कोबी ब्रायंटचे गुण ८१, संघाचे १२२, हिस्सा शेकडा सहासष्ट. शिवाय प्रतिस्पर्धी संघाने त्या दिवशी १०४ गुण केले होते. हर्शीला न्यूयॉर्कने १४७ केले होते, यावरून दोन्ही सामन्यांच्या गतीतील तफावत कळते. उलट ब्रायंटच्या ८१ गुणांत तीन गुणांचे सात नेम होते, ती रेषा मैदानावर आखलेलीच नसती तर त्याचे गुण ७४ भरले असते. आणि चेंबरलेन पूर्ण ४८ मिनिटे खेळला, ब्रायंट ४२. मला विचाराल तर त्या एका रात्रीपुरती ब्रायंटची आणेवारी किंचित अधिक भरते. संपूर्ण हंगामाची काढू गेल्यास मात्र चेंबरलेनच्या जवळपास कोणी फिरकत नाही, कारण त्या वर्षी तो सामन्याला सरासरी साडेअठ्ठेचाळीस मिनिटे खेळला. जादा वेळेमुळे ही सरासरी सामन्याच्या नियत वेळेहूनही अधिक झाली, आणि साऱ्या हंगामात मिळून तो सुमारे आठ मिनिटेच मैदानाबाहेर होता. गतीचा, उंचीचा, प्रतिस्पर्ध्यांचा सगळा हिशेब वजा केला तरी ही सहनशक्ती शिल्लक उरते, आणि तिच्यापुढे मी नतमस्तक होतो.

नियमही स्थिर राहत नाहीत, आणि कधी कधी ते खेळाडूमुळेच बदलतात. चेंबरलेनसारख्यांना बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी १९६४ मध्ये बास्केटपुढील निषिद्ध पट्टा बारा फुटांवरून सोळा फूट रुंद करण्यात आला. तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये १९७९-८० साली आली. ३८,३८७ गुणांच्या संपूर्ण कारकिर्दीत करीम अब्दुल-जब्बारने तीन गुणांचा नेम एकदाच साधला, आणि स्टीफन करीने २०१५-१६ च्या एका हंगामात तो ४०२ वेळा साधला. यावरून एकाला दूरचा नेम येत नव्हता असे म्हणणे निरर्थक आहे. ज्याची कारकीर्द दहा वर्षे त्या रेषेविना गेली आणि जो बास्केटजवळ उभा राहून हुकमी गुण मिळवीत होता, त्याला दूर जाण्याचे प्रयोजनच नव्हते.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ करणारा मामला आहे तो बिल रसेलचा. बोस्टनच्या या खेळाडूने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवून दिली; त्याचे सारे मोठेपण प्रतिस्पर्ध्याचा नेम हवेतच अडवण्यात होते, आणि तेही चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळवण्यासाठी नव्हे, तर तो हलकेच आपल्याच सहकाऱ्याकडे वळवून त्याच क्षणी उलट चढाई सुरू करण्यासाठी. आणि हे अडवलेले नेम, ज्यांना आज ब्लॉक म्हणतात, ते मोजण्याचा रकाना एनबीएच्या नोंदवहीत १९७३-७४ पासून आहे. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. चेंबरलेनही १९७३ मध्ये थांबला. म्हणजे बचावाच्या ज्या कलेत हे दोघे अद्वितीय होते, तिचा अधिकृत दाखला दोघांच्याही नावे एका अंकाचासुद्धा नाही.

त्या काळच्या लोकांना मात्र हे न मोजलेले कर्तृत्व दिसत होते, आणि याचा लेखी पुरावा आहे. चेंबरलेनने पन्नासांची सरासरी राखली त्याच १९६१-६२ च्या हंगामाअखेर वर्षातील सर्वोत्तम पाच खेळाडूंचा संघ जाहीर झाला, तेव्हा मध्यस्थानी चेंबरलेनची निवड झाली आणि रसेलला दुसऱ्या संघात जागा मिळाली. पण सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरवण्याचा अधिकार तेव्हा खुद्द खेळाडूंच्या मतांवर होता, आणि त्यांनी सरासरी १८.९ गुण करणाऱ्या रसेलला कौल दिला. जे रोज रात्री त्याच्या हाताखालून चेंडू काढण्याची धडपड करीत, त्यांनी आपल्या नोंदवहीत नसलेल्या रकान्याची बेरीज करून हे मत दिले, असे मी मानतो. त्याच वसंतात पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत बोस्टनने चेंबरलेनच्या संघास सातव्या सामन्यात १०९-१०७ असे अवघ्या दोन गुणांनी हरवले आणि पुढे अजिंक्यपदही मिळवले.

कारकिर्दीतील एकूण ब्लॉकांची यादी आज कोठेही छापली जाते तेव्हा ३,८३० ब्लॉक करणाऱ्या हकीम ओलाजुवानचे नाव शिरोभागी असते, आणि ते तेथे असणे यथार्थ आहे. ओलाजुवानच्या योग्यतेबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. माझी मागणी इतकीच आहे की त्या यादीच्या माथ्यावर, नावाइतक्याच ठळक अक्षरांत, ही गणना १९७३-७४ पासूनची आहे असे छापावे, आणि रसेल व चेंबरलेन यांच्या तक्त्यांत त्या जागा कोऱ्या न सोडता तेथे ‘मोजले गेले नाही’ हे तीन शब्द लिहावेत.