धुराडे कोणी झाडावयाचे?

गेल्या पंधरवड्यात खानापूर भागातील एका घरी आम्ही गेलो असता स्वयंपाकघरातून धुराचे लोट थेट ओटीपर्यंत येत होते. घरची बाई पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “निर्धूर चूल म्हणून हौसेने बांधून घेतली, पण आता पहिलीपेक्षा जास्त धूर! ही मोडून टाकते आणि तीन दगड मांडते.” धुराडे शेवटचे कधी झाडले होते, असे आम्ही विचारले. बाईने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने मुलाकडे पाहिले, आणि मुलाने छपराकडे पाहिले. चूल बांधल्यापासून ते कोणीच झाडलेले नव्हते.

शिडी लावून मुलगा वर चढला. चार इंची नळीत जेमतेम दोन बोटे जातील एवढीच वाट उरली होती. घमेलेभर काजळी निघाली आणि सायंकाळी त्याच चुलीचा धूर सरळ आढ्यावरून वर गेला. चूल बिघडलेली नव्हतीच. तिची निगा राहिली नव्हती.

वाचकहो, धुराड्याचे काम साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते आणि जाताना चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढून घेते. या ओढीवरच जाळ चांगला धरतो. लाकूड ओले असेल तर ते अर्धवट जळते आणि त्याचा धूर थंड नळीला लागून डांबरासारखा चिकट थर बसतो. चार इंची नळीत चहूकडून एक इंच थर बसला, तर वाट अर्धी उरली असे आपणांस वाटेल. हिशेबाने ती चौथा हिस्साच उरते. मग धुराने जावे कोठे? तो चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या तोंडावर परत येतो.

निर्धूर चुलीची खटपट आपल्याकडे जुनी आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी अशा चुलीची माहिती १९५३ सालीच पुस्तिकेच्या रूपाने दिली होती. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून ‘अस्त्र’ चूल निघाली व कर्नाटकातील खेड्यांत पोहोचली. १९८०च्या दशकात सुरू होऊन २००२ साली संपलेल्या सरकारी कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसविण्यात आल्या. त्यांतील कितीतरी थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. एस्तेर द्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशातील सुमारे २,६०० घरांत अशा चुलींची पाहणी केली व तिचा निष्कर्ष २०१२ साली मांडला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढील वर्षांत काहीच लाभ उरला नाही. लोक चूल नेमाने व नीट वापरीत नव्हते आणि तिची निगा राखीत नव्हते, हे कारण त्यांना आढळले.

आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे. तरीही भाकरी आणि अंघोळीचे पाणी यांसाठी चूल पेटतेच. तिच्या धुराने लेकरांना न्यूमोनिया होतो, बायकांना दमा जडतो, मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून पुढील नेम प्रत्येक घराने पाळावा.

रोज सकाळी, निखारे पूर्ण विझल्यावर, जाळीखालची राख काढावी. ती साचली की हवा कोंडते. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. यास्तव राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गवताच्या गंजीपासून दूर ठेवावी.

आठवड्यातून एकदा वैलावरील भांडे उचलून चुलीपासून धुराड्यापर्यंतच्या बोगद्यातील राख व काजळी पळीने काढावी. स्वयंपाक चालू असता वैल उघडा ठेवू नये. त्यावर भांडे किंवा झाकण असावेच.

महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, धुराडे झाडावे. चुलीची तोंडे ओल्या गोणपाटाने झाकावी, नाकाला फडके बांधावे आणि काथ्याच्या दोरीला चिंध्यांचे घट्ट गाठोडे बांधून ते नळीतून वरखाली ओढावे. काही जुन्या चुलींना अॅस्बेस्टॉस सिमेंटची नळी आहे. ती खरवडू अगर फोडू नये. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशी नळी ओल्या मऊ चिंध्यांनीच पुसावी व सवड होताच अखंड उतरवून बदलावी.

पावसाळ्यापूर्वी नळीवरची टोपी व कौलांतील फट पाहावी आणि चुलीच्या भेगा शेणामातीने लिंपाव्या. लाकडे फोडून, कोरडी करून आडोशाला रचावी. मोठे ओंडके घालता यावेत म्हणून चुलीचे तोंड कोणी फोडून रुंद करतात. तसे मुळीच करू नये. त्याने ओढ नाहीशी होते.

आता शेवटची गोष्ट. राख काढणे हे घरच्या बाईकडे असते व ती ते करते. परंतु धुराडे छपरावर आहे. तेथे शिडी लावून पुरुषाने चढावयाचे असते. तो चुलीपुढे बसत नाही, म्हणून नळी कधी तुंबली हे त्याला कळत नाही. आणि जिला कळते ती खोकत राहते, सांगत नाही, किंवा सांगूनही कोणी ऐकत नाही. आमच्या पाहण्यात बहुतेक चुली याच कारणाने निकामी झाल्या आहेत.

तेव्हा घरोघरच्या कर्त्या पुरुषांना व तरुण मुलांना आमचे सांगणे एवढेच की, महिन्याचा पहिला शनिवार धुराड्यासाठी राखून ठेवावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्या घरच्या मुलाने भिंतीवर कोळशाने तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिकडे जाऊ, तेव्हा तिच्याखाली दुसरी तारीख पाहावयास मिळेल अशी आमची अपेक्षा आहे.