लोकप्रियता आणि मतदान : एक प्रतिवाद



जनमत चाचणीत ज्या नेत्याचे पारडे जड, तोच पक्षाला तारून नेतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे प्रतिपादन सोलापूरच्या इतिहासासमोर टिकत नाही. केंद्रीय गृहमंत्रिपदी असतानाही सुशीलकुमार शिंदे २०१४ मध्ये येथे शरद बनसोडे यांच्याकडून पराभूत झाले. जून २०२४ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे लोकसभेवर निवडून आल्या, पण सहा महिन्यांच्या आत याच मतदारसंघातील सहापैकी पाच विधानसभा जागा भाजपने जिंकल्या आणि मोहोळ तेवढे शरद पवार यांच्या राष्ट्रवादीकडे गेले. शिवाय जनमत चाचणीतील हजार जणांच्या नमुन्यात, म्हणजे सर्व मतदारांचे प्रतिनिधी म्हणून विचारणेसाठी निवडलेल्या गटात, सुमारे तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते, आणि तीही नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, असेल तरच. उत्तर देण्याचे टाळणाऱ्यांचा कल त्यात मोजलाच जात नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ साली चाचण्या मजूर पक्षाला पुढे दाखवत असताना स्कॉट मॉरिसन यांनी सत्ता राखली. वैयक्तिक पसंतीत ते आघाडीवर होते, हे पत्रलेखकाच्या बाजूने मान्य करावे लागेल. मात्र ब्रिटनमध्ये १९७९ साली जेम्स कॅलहॅन अशाच पसंतीत मार्गारेट थॅचर यांच्या पुढे होते, तरीही सत्ता थॅचर यांच्याकडे गेली.

– एक वाचक, सोलापूर