सहा दिवस, चौदा टिकमार्क

सुट्टीचा प्लॅन एक्सेल शीटमध्ये करणाऱ्यांपैकी मी एक. हसू नका, तुमच्याही लॅपटॉपमध्ये असेल तसली एखादी फाइल. माझ्या शीटमध्ये सहा दिवस होते आणि चौदा ठिकाणं. वर्षभर साठवलेली रजा आणि त्याहून जास्त दिवस साठवलेले पैसे, म्हणजे सगळं वसूल व्हायलाच हवं ना!

फ्रान्सच्या नैऋत्येला, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, सार्ला गावाजवळ आम्ही आठवड्यासाठी 'जीत' घेतलं होतं. जीत म्हणजे खेड्यातलं, स्वयंपाकघरासकट भाड्याने मिळणारं घर. चादरी आपल्याच न्यायच्या, हे मेलमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. पहिली रात्र ओढण्यांवर.

नकाशात सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. पण रस्ते अरुंद, वळणांचे. त्यात उजव्या बाजूने गाडी चालवायची. शिवाय दुपारी बारा ते दोन अख्खा प्रदेश जेवायला बसतो. दोननंतर पोचलात तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद. सकाळी सार्लाचा बाजार (बुधवारी आणि शनिवारी भरतो, अक्रोडांसाठी तरी जाच), मग रोकामादूर, मग पादिराक, असा आमचा बुधवार होता. रोकामादूर म्हणजे कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, वर देवळांपर्यंत २१६ पायऱ्या. मी घड्याळ बघत चढले. पादिराकला जमिनीला पडलेल्या शंभरेक मीटर खोल भोकातून खाली उतरायचं आणि भूगर्भातल्या नदीत नावेतून फिरायचं. तिकिटावर वेळ ठरलेली. आम्ही पोचलो चाळीस मिनिटं उशिरा.

पार्किंगमध्ये नवरा शांतपणे म्हणाला, ''अगं, तू सुट्टीवर आहेस की ऑडिटला?''

परतीचा तासभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चुकीचं वळण घेतलं, तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी लास्को. खरी गुहा १९४० मध्ये चार पोरांना सापडली. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीचे बैल, घोडे, हरणं. मग रोज हजाराहून जास्त माणसं बघायला येऊ लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, चित्रं खराब होऊ लागली. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद झाली. आपण बघतो ती २०१६ मध्ये उघडलेली पूर्ण प्रतिकृती. डुप्लिकेट बघायला एवढे युरो कशाला, म्हणून मी ती शीटमध्ये पाऊण तासावर उरकली होती. आत मुद्दाम गार ठेवलेला अंधार, आणि डोक्यावरून धावणारे ते प्रचंड बैल. अजिंठ्याला गाइडचा दिवा चित्रावर पडतो तेव्हा होतं, तसंच काहीसं झालं. पाऊण तास संपला कधी, कळलंच नाही. बाहेर आलो आणि नवऱ्याने विचारलं, ''आता कुठे?'' मी म्हटलं, ''कुठेच नाही.'' जीतवर येऊन खिचडी केली. कुकर नव्हता, तासभर शिजत होती. तेवढ्यात आमचं बोलणंही सुरू झालं.

शुक्रवारी शीट उघडलीच नाही. भाड्याची कनू घेतली आणि नदीवर सोडून दिली. (कंपनीच बसने परत आणून सोडते, घाबरू नका.) आधी कड्याखाली दाटीवाटीने बसलेलं ला रोक-गाजाक. मग समोरासमोरचे दोन किल्ले, डावीकडे कास्तेलनो, पुढे उजवीकडे बेनाक. शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ एक इंग्रजांकडे, दुसरा फ्रेंचांकडे, मध्ये एवढीशी नदी. कास्तेलनोत दगड फेकणारी जुनी अजस्र यंत्रं ठेवलीत म्हणे, आम्ही वर चढलोच नाही. वल्ही आत घेतली आणि पाव-चीज खाल्लं.

पादिराक राहिलंच. नवरा म्हणतो, पुढच्या वेळी बुकिंग तो करणार.