आशेवर चालणारे कारखाने

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या कुरकुंभच्या चौकात पहाटे उभे राहिले, तर औद्योगिक महाराष्ट्राचे एक बोलके चित्र दिसते. दौंडकडून, पाटसकडून, मळद-रावणगावकडून मोटारसायकली येऊ लागतात. हँडलला डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र. फिरंगाईदेवीच्या दिशेने हात जोडून काही जण औद्योगिक वसाहतीकडे वळतात. फाटकापर्यंत हा एकच लोंढा असतो. फाटकाशी त्याचे दोन प्रवाह होतात. काहींच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव असते, तर बाकीच्यांच्या ओळखपत्रावर कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चे किंवा 'सर्व्हिसेस'चे. आत गेल्यावर दोघेही त्याच यंत्रापाशी उभे राहतात आणि तोच उग्र दर्प छातीत भरून घेतात. फरक जाणवतो तो पगाराच्या दिवशी, आजारपणात आणि म्हातारपणी.

हा दुसरा प्रवाह कंत्राटी कामगारांचा. त्यातला कोणी दोन वर्षांचा जुना आहे, कोणी बारा वर्षांचा. 'कामावर कधी लागलात?' असे विचारले, तर तो चटकन वर्ष सांगतो. 'कोणाकडे लागलात?' असे विचारले, की क्षणभर घुटमळतो. कारण काम तेच, जागा तीच, यंत्रही तेच. दर दोन-तीन वर्षांनी बदलले ते केवळ ठेकेदाराचे नाव. या साऱ्या काळात त्याला तगवून धरणारे एकच वाक्य असते, 'यंदा साहेब काहीतरी करणार आहेत.'

प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य आहे. कंत्राटी पद्धतीतील किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस यांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु कायम होण्याची आशा दाखवून माणसाकडून वर्षानुवर्षे काम करून घ्यायचे आणि ती आशा कधीही कागदावर येऊ द्यायची नाही, हा या पद्धतीतील सर्वांत मोठा अन्याय आहे. त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

आशेची किंमत

आशेवर असलेला माणूस कशालाच नाही म्हणू शकत नाही. दिवाळीच्या दिवशीची पाळी तोच घेतो. समोरचा आला नाही म्हणून सलग दुसरी पाळीही तोच करतो. हातमोजे फाटले तर नवे मागताना तो दहादा विचार करतो. हाताला भाजले तर नोंद नको म्हणतो, कारण नोंद झाली की नाव डोळ्यांवर येते. संघटनेचा अर्ज तो भरत नाही. रासायनिक कारखान्यात हे गप्प राहणे जिवावर बेतू शकते. द्रावकाचे पिंप उघडताना, रिअ‍ॅक्टरमध्ये माल सोडताना मनात आलेली शंका वेळीच बोलून दाखवणे, हा सुरक्षिततेचा पहिला नियम आहे. ज्याची नोकरी साहेबांच्या मर्जीवर टिकून आहे, त्याने ही शंका बोलून दाखवावी कशी? १९४८च्या कारखाने अधिनियमाने 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला सामावून घेतले होते. कायद्याने जो भेद केला नाही, तो भेद भीतीने केला.

आशेची किंमत घरही मोजते. दौंड-शिरूरच्या खेड्यांत सोयरीक जुळवताना 'जमीन किती?' या प्रश्नापाठोपाठ 'पर्मनंट आहे का?' हा प्रश्न येतो. तिथे मुलाचे वडील खाली मान घालून 'होणार आहे' असे सांगतात. घरकर्जासाठी बँकेत गेले, तरी तोच प्रश्न. तिशी उलटते, पस्तिशी येते आणि एक दिवस कळते, की भरती निघाली खरी, पण वयाची अट ओलांडली. ज्या वर्षांत वय ओलांडले, ती वर्षे त्याने त्याच कारखान्यात काढलेली असतात!

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब पाहावा. १९७२च्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर हा हक्क दिला. एकाच फाटकातून बारा वर्षे आत जाणाऱ्या माणसाची सेवा कागदावर मात्र तीन-तीन वर्षांच्या चार तुकड्यांत विभागलेली असते. एकही तुकडा पाच वर्षांचा नाही. पाटी बदलली, की सेवा पुन्हा शून्यापासून. हा योगायोग आहे, असे मानण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही.

मुकादम गेला, एजन्सी आली

ही पद्धत नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर नावाचा माणूस कामावर घेई, काढून टाके आणि त्यापायी दस्तुरी खाई. १९३१च्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीवर कठोर टीका केली होती. पुढे त्याच गिरण्यांत 'बदली' कामगार वर्षानुवर्षे दारात उभे राहिले. त्यांना कायम करावे, ही १९८२च्या संपातील एक मागणी होती. ऊसपट्ट्यातील वाचकाला मुकादम आणि उचल हे शब्द समजावून सांगायला नकोत. आजच्या एजन्सीकडे संगणक आहे, परवाना आहे, कार्यालयही आहे. पण कामगार आणि कारखाना यांच्यामध्ये उभे राहून दोघांचे नाते तुटलेले ठेवायचे, हे मुकादमाचेच काम ती करते.

आणि हा ठेका कोणाला मिळतो? औद्योगिक वसाहतींत वावरणाऱ्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. ज्याचा गावात दबदबा, ज्याच्या गाडीवर पक्षाचा झेंडा, त्याला. सभेत 'भूमिपुत्रांना न्याय द्या' अशी गर्जना करायची आणि त्याच भूमिपुत्रांच्या हजेरीवर कमिशन घ्यायचे, हा व्यवसाय सर्वपक्षीय आहे. ज्यांनी जमिनी देऊन कारखाने वसवले, त्यांच्या मुलांना स्वतःच्याच शिवारात दुसऱ्याच्या पाटीखाली राबावे लागते.

कायद्याच्या वाटा आणि पळवाटा

कायदा याबाबत मुका होता, असे नाही. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील सफाईच्या कंत्राटाचा वाद १९६० साली सर्वोच्च न्यायालयात गेला. काम बारमाही आहे आणि उद्योगाला आवश्यक आहे, तर ते ठेकेदारामार्फत कशाला, असा विचार तेथे मान्य झाला. १९७०च्या कंत्राटी कामगार अधिनियमाच्या दहाव्या कलमात हेच निकष आले. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी आणखी एक पाऊल टाकले. मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या किंवा बदली कामगाराला कायम करावे, असे त्यांनी सांगितले. माणसांना कायम होऊ न देण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे, ही १९७१च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली.

मग पळवाट निघाली. २४० दिवस भरण्याआधी 'ब्रेक' द्यायचा. त्याहून सोपे म्हणजे माणूस आपला नाहीच, ठेकेदाराचा आहे, असे म्हणायचे. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी पद्धत बंद झाल्यास कामगार आपोआप मूळ मालकाचे होतील, असा निर्णय दिला होता. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. कंत्राट हा निव्वळ पडदा आहे, असे सिद्ध झाल्यास कामगार मूळ मालकाचाच मानला जाईल, हे तत्त्व त्या पीठाने कायम ठेवले. पण पडदा सिद्ध करायचा कोणी? ज्याच्या हाती गेटपासशिवाय दुसरा कागद नाही त्याने. आणि करारनामे, हजेरीपट, देयके ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्या विरोधात!

परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार, शतकाच्या आरंभी संघटित कारखान्यांतील सुमारे पाचातला एक कामगार कंत्राटी होता. २०२२-२३मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. जो अपवाद होता, तो नियम होऊ लागला आहे.

सबब संपली

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. स्पर्धा तीव्र आहे, मागणी कमी-जास्त होते, कायम कामगार एकदा घेतला की कमी करता येत नाही, असे ते सांगत आले. या म्हणण्यात एके काळी तथ्य होते. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि ही मर्यादा तीनशेवर गेली. ठरावीक मुदतीसाठी थेट नेमणूक करण्याची सोयही त्यांत आहे. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ द्यावे लागतात आणि उपदानाचा हक्क एका वर्षात मिळतो. उद्योगाला हवी असलेली लवचिकता कायद्याने दिली. आता मध्यस्थ कशासाठी हवा, याचे उत्तर उद्योगाने द्यावे.

व्यावसायिक सुरक्षा संहितेने मुख्य कामांसाठी कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली आहे. औषधनिर्मितीच्या कारखान्यात औषध तयार करणे हे मुख्य काम नव्हे, असे कोण म्हणू शकेल? पण याच कलमाच्या पोटात अपवादही आहेत. जे काम सामान्यतः ठेकेदारामार्फत होते, ते तसेच चालू ठेवता येईल. कामाचा ताण अचानक वाढला, तर चालेल. वीस वर्षे चुकीची पद्धत चालवली, म्हणून ती 'सामान्य' ठरणार असेल, तर मनाई कागदावरच राहील. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा मूळच्या केंद्रीय कायद्यातील वीसवरून पन्नासवर नेली आहे. एका ठेक्याचे दोन ठेके करणे या महाराष्ट्रात कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच तपासणी यंत्रणेने कागद पाहून समाधान मानू नये. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला 'तू येथे कधीपासून आहेस?' असे विचारावे.

शासनाचा स्वतःचा आदर्शही निर्मळ नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुणांचा रोष उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. जे शासन स्वतः ठेक्याने माणसे घेते, त्याने कारखानदाराला जाब कोणत्या तोंडाने विचारावा? डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे राबलेल्या काही कर्मचाऱ्यांना नियमित करण्याचा आदेश देताना, सरकारी संस्थांनीच तात्पुरत्या नेमणुकांचा आडोसा घेण्यावर नेमके बोट ठेवले.

आपले काय?

दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांचे श्रमिकीकरण हा विचार मांडला. ज्याचे श्रम, त्याचा त्या उद्योगात वाटा आणि मान असावा, असा त्याचा आशय. कारखाना हे कुटुंब मानायचे, तर कुटुंबात बारा वर्षे राहून पाहुणाच राहणारा माणूस असत नाही. मालक-मजूर वैराचे तत्त्वज्ञान आपल्याला अमान्य आहे, पण वैर नको म्हणणाऱ्याने आधी अन्याय नको म्हटले पाहिजे. एरवी समन्वय हा दुर्बळाला गप्प बसवण्याचा गोड शब्द ठरतो.

हा लेख वाचणाऱ्या घरांत कारखान्यांचे व्यवस्थापक आहेत, अभियंते आहेत, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आहेत. काही घरांत लहान-मोठे ठेकेदारही असतील. त्यांना एक साधी गोष्ट करता येईल. खोटी आशा दाखवणे थांबवावे. जागा असेल, तर निकष आणि मुदत लिहून द्यावी. जुन्या कंत्राटी माणसाला भरतीत पहिला मान द्यावा आणि वयाची अट त्याच्यासाठी शिथिल करावी. २००१च्या त्याच निकालात, पद्धत बंद झालेल्या ठिकाणच्या जुन्या कामगारांसाठी हा मार्ग सांगितलेला आहे. जागा नसेल, तर पहिल्याच वर्षी तोंडावर तसे सांगावे. पंचविशीतला मुलगा दुसरी वाट धरू शकतो. चाळिशीतल्या बापाला ती उरत नाही.

गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढेही काम आहे. आपल्या वस्तीतील कंत्राटी कामगारांना एकत्र बसवावे. प्रत्येकाकडून पगारपत्रके, जुनी ओळखपत्रे, गेटपास आणि भविष्य निर्वाह निधीचा उतारा एका फायलीत लावून घ्यावा. निधीच्या उताऱ्यावर कोणत्या ठेकेदाराने कोणत्या महिन्यांत पैसे भरले, हे क्रमाने दिसते. तुकडे केलेली सेवा त्या कागदावर पुन्हा जोडली जाते. न्यायालयात पडदा दूर करायचा, तर हाच पहिला पुरावा.

दर वर्षी १७ सप्टेंबरला कारखान्याकारखान्यांत विश्वकर्म्याची पूजा होते. यंत्रांना हार चढतात, हळद-कुंकू वाहिले जाते, प्रसाद वाटला जातो. प्रसाद घेण्यासाठी दोन्ही प्रवाहांतील हात पुढे येतात आणि तेथे कोणी ओळखपत्र पाहत नाही. देवापुढे जो भेद चालत नाही, तो हजेरीपटावर चालवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? येत्या पूजेपूर्वी प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या कारखान्यातील सर्वांत जुन्या कंत्राटी कामगाराची पहिली हजेरी कोणत्या वर्षीची आहे, एवढे तरी शोधून पाहावे. ते वर्ष सापडले, की पुढे काय करायचे हे कायदा सांगेल. आणि कायद्याच्या आधी त्याचे मनही सांगेल.