नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत नुसत्या एका मात्रेने केवढा फरक पडतो पाहा. बारशाच्या दिवशी आत्या बाळाचे नाव ठेवते. आणि घरी परतताना, रिक्षात बसल्या बसल्या, तीच आत्या वहिनीच्या बासुंदीला नावे ठेवते. पहिले काम मंगल, दुसरे अमंगल, असा आपला सर्वसाधारण समज. परंतु या जगात एक धंदा असा आहे, की ज्यात आधी पोटभर नावे ठेवल्याखेरीज नाव ठेवताच येत नाही. प्राण्यांच्या नव्या जातींचे बारसे करणाऱ्या शास्त्रज्ञांचा हा धंदा. यंदाच्या दिवाळीत फराळाबरोबर वाचकांपुढे हाच विषय ठेवावा, असे मी ठरविले आहे. आणि बाळ निवडले आहे ते खोल समुद्राच्या तळाचे.

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने समुद्राविषयी बोलावे, हा आगाऊपणा खरा. आमच्याकडे तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. पण समुद्राशी आमचा संबंध आठवड्याच्या बाजारातील सुक्या झिंग्यांपुरता. तथापि ज्या प्राण्याविषयी मी बोलणार आहे, तो कोकणातल्या माणसाच्याही ताटात सहसा येत नाही. तेव्हा या बाबतीत आपण सारे सारखेच.

इंग्रजीत या प्राण्याला 'स्क्वॉट लॉब्स्टर' म्हणतात. लॉब्स्टर म्हणजे आपली शेवंड, आणि स्क्वॉट म्हणजे उकिडवे बसलेले. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. म्हणून या लेखापुरते आपण 'उकिडवी शेवंड' म्हणू या. शेतकरी बांधावर चिलीम ओढायला बसावा, तशी ही शेपटी पोटाखाली दुमडून बसते. पुढचे दोन नांगे मात्र लांबच लांब, कित्येकदा शरीराच्या अनेक पट. नावात शेवंड असली तरी तिचे जवळचे नाते शंखात बिऱ्हाड करणाऱ्या संन्यासी खेकड्यांशी आहे. पायांची शेवटची जोडी इतकी बारीक, की ती कल्ल्यांपाशी लपवून ठेवलेली असते आणि कल्ले झाडण्यासाठी केरसुणीसारखी वापरली जाते. अशा उकिडव्या शेवंडींच्या हजाराहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

त्यांत २०२० साली आपल्या देशाच्या समुद्रातील एकीची भर पडली. स्पेनचे एन्रिके मॅकफर्सन, तैवानचे टिन-याम चान, केरळचे बिजू कुमार आणि पावला रॉड्रिगेझ-फ्लोरेस या चौघांनी भारताच्या किनाऱ्यालगत व अंदमानच्या समुद्रात मिळालेले नमुने तपासले. त्यांत तीन जाती निघाल्या. दोन पूर्वीच ठाऊक असलेल्या, आणि तिसरी नवी. तिचे नाव 'पॅराम्युनिडा बिनीशी'. आपल्या हजेरीपटावर असते तसे यात आडनाव आधी आणि खासगी नाव नंतर. ही रीत प्राण्यांच्या बाबतीत स्वीडनच्या लिनीअसने १७५८ सालच्या ग्रंथापासून घालून दिली. 'बिनीशी' म्हणजे 'बिनीशची'. बिनीश हे एक भारतीय संशोधक. आम्हा भाषेच्या मास्तरांना आनंद एवढाच, की ही लॅटिनची षष्ठी विभक्ती आहे, आणि समुद्राच्या तळाशीही व्याकरणावाचून चालत नाही.

आता हे बारसे होते कसे? सापडलेला प्राणी भिंगाखाली ठेवून त्याला अक्षरशः नावे ठेवायची. पाठीच्या कवचावर काटे किती, आणि कोणत्या रांगेत किती? दोन डोळ्यांमधले टोक आखूड की लांब? मिशीच्या बुडाचे पेर शेजारच्या पेराहून मोठे की लहान? मग हीच प्रश्नावली त्याच्या प्रत्येक भाऊबंदाला लावायची आणि हा कोणाहून कोठे वेगळा, ते लिहायचे. आजकाल त्याच्या जोडीला पेशींतील डी.एन.ए.ही पडताळून पाहतात. सगळ्या भाऊबंदांशी भांडण मिटल्यावर एक नमुना निवडतात, स्पिरिटच्या बाटलीत घालतात आणि संग्रहालयात ठेवतात. हा प्रमाण नमुना. पुढे शंभर वर्षांनी वाद उत्पन्न झाला, तरी त्याचा निकाल या बाटलीपाशी येऊन लागतो.

मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला वर्णनाचा निबंध घालतो. 'निसर्गरम्य', 'विलोभनीय', 'शब्दांत न मावणारे' या तीन विशेषणांनी निम्मी वही भरते. एकदा मी विषयच बदलला. म्हटले, अनोळखी माणसाला घरबसल्या ओळखता येईल अशी एखादी वस्तू लिहून आणा. यावल तालुक्यातल्या एका मुलीने भरताचे वांगे लिहून आणले. रंग हिरवट, अंगावर पांढुरक्या रेघा, आकाराने दांडगे, पण हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा हलके. जड लागले तर बिया जास्त, ते परत ठेवावे. एकही अलंकार नाही. परंतु तो कागद घेऊन पुण्याचा माणूस आमच्या बाजारात आला असता, तरी त्याने बरोबर वांगे आणले असते. भाजीबाजारात रोज अशी पारख करणाऱ्या गृहिणी आणि संग्रहालयातील ते शास्त्रज्ञ एकाच गुरुकुलातले, असे मला त्या दिवशी वाटले.

चांगले वर्णन किती टिकते, त्याचाही दाखला या शेवंडीच्या निबंधात आहे. जुन्या दोन जातींपैकी एकीचे वर्णन आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९४ साली केले होते. अल्कॉक हे 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर. १८८८ ते १८९२ या काळात ते या जहाजावर होते. खलाशांच्या नाड्या पाहायच्या आणि उरलेल्या वेळात जाळ्यातून तळाचा गाळ वर आला, की त्यातले जीव निवडायचे, असा त्यांचा क्रम. ही लाकडी आगबोट आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली, १८८१ साली पाण्यात सोडलेली. तिने वर काढलेले जीव कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले, आणि १९०१ साली अल्कॉकने त्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. सव्वाशे वर्षांनंतरच्या संशोधकांना त्यांच्या जातीचे वर्णन नव्या माहितीने पुन्हा लिहिता आले, याचे कारण जुन्या वर्णनाला धरून ती जात ओळखता येत होती.

बाटलीवर एक चिठ्ठी असते. कोठे सापडला, केव्हा, किती खोलीवर, कोणाला. दोन ओळींचे हे लेखन, पण ते खोटे असले तर काय होते? त्याचे उत्तर शोधायला समुद्रावर जावे लागत नाही. ते आमच्या खानदेशातच घडले.

रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले आणि तो पक्षी मिळविणाऱ्या ब्ल्यूइट यांच्यावरून त्याला 'ब्ल्यूइटी' असे नाव दिले. पुन्हा तीच षष्ठी. हे ह्यूम म्हणजेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. नंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला शहादे-तळोद्याकडे आणखी काही रानपिंगळे मिळाले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेना. अपवाद एकच. कर्नल माइनर्टझागेन या इंग्रज पक्षिसंग्राहकाचा एक नमुना. चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचे गुजरातेतील मांडवी हे गाव. साहजिकच शोधणारे त्या बाजूलाही हिंडले आणि हात हलवीत परतले. पक्षी नामशेष झाला, असेच पुष्कळांना वाटू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नायजेल कॉलर यांच्यासह तो नमुना बारकाईने तपासला, आणि ध्यानात आले, की हा डेव्हिडसनचाच जुना पक्षी. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. मांडवी बाद झाली. मग रासमुसेन व त्यांच्या दोन सोबत्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांची वाट धरली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १९९८ च्या जुलैत. पुढे हा पक्षी मेळघाटात आणि २०१४ साली तानशाच्या जंगलातही आढळला. परीक्षेच्या कामासाठी एस.टी.ने मी शहाद्याला जातो, तेव्हा खिडकीतून ते डोंगर दिसतात आणि मनात येते, दोन ओळींच्या एका खोट्या लेखनाने जिवंत पक्ष्याला केवढे अंधारात ठेवले होते!

रानपिंगळ्याचे एक बरे होते. त्याचे वर्णन झालेले होते, म्हणून तो हरवला हे तरी कळले. समुद्रतळाच्या जिवांना तेवढेही भाग्य नाही. तिथे मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांचे गोटे पसरलेले आहेत. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू त्यांच्या शोधासाठी भारताला मिळालेला आहे, आणि २०२१ साली सरकारने खोल समुद्राच्या मोहिमेस मंजुरी दिली. पॅसिफिक महासागरातील अशाच एका टापूचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे नऊ दशांश जातींचे अद्याप बारसेच झालेले नाही, असा त्याचा अंदाज आहे. धातू नकोत, असे मी म्हणत नाही; ज्या टेलिफोनवर आपण एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छा देतो, त्यातही कोबाल्ट असतो. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र उतरण्यापूर्वी भिंगवाला माणूस उतरावा. बिननावाचा जीव मेला, तर त्याची नोंद मृतांच्या यादीतही होत नाही.

आणि त्यासाठी माणसे लागतील. तासन्‌तास काटे मोजणारी, आणि दिसले तेवढेच लिहिणारी. आपल्या घरात चिकित्सक स्वभावाचे एखादे मूल असते. 'जेव्हा तेव्हा नावे ठेवतो मेला' म्हणून त्याला बोलणी बसतात. या दिवाळीत त्याला फटाक्यांच्या पैशांतून एक भिंग आणून द्या, जोडीला एक वही द्या, आणि परसातल्या दोन मुंग्यांत काय फरक आहे ते लिहून काढायला सांगा.