दुकान पडद्यावर, पत माणसांत

आपल्या घरांतील नव्या पिढीने व्यापाराची जागा बदलली आहे. आजोबांची पेढी बाजारपेठेत होती आणि वडिलांचे दुकान हमरस्त्यावर आले. आता मुलगा, मुलगी किंवा सून घरातील एका खोलीत बसून साड्या, इमिटेशन दागिने, खाकरा अथवा स्टीलची भांडी देशभर विकते. तिथे गादी नाही, उंबरठा नाही आणि गिऱ्हाइकाचा चेहराही दिसत नाही. अशा तरुणाने एखाद्या दिवशी घरात सांगितले, की ऑनलाइन व्यापाराच्या परिषदेसाठी दोन दिवस दिल्लीला किंवा बंगळुरूला जायचे आहे आणि त्याचा खर्च वीस हजारांच्या घरात जाईल, तर वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सारा धंदा मोबाइलवर चालतो, सारी भाषणे यूट्यूबवर फुकट मिळतात, मग एवढे पैसे खर्चून जायचे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पैशाचा हिशेब विचारणे हा व्यापारी घराचा संस्कारच होय. म्हणून त्याचे उत्तरही व्यापाऱ्याच्याच भाषेत द्यावयास हवे.

प्रथम आपल्याच एका जुन्या व्यवसायाकडे पाहू. हिरा आज छायाचित्रात, चित्रफितीत आणि प्रमाणपत्रावर जगभर पाहता येतो. तरीही मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि हजारो व्यापारी एका आवारात बसू लागले. बेल्जियममधील अँटवर्पला गेलेल्या पालनपुरी जैन कुटुंबांनी तेथील हिरेबाजारात आपले स्थान मिळवले ते समोरासमोर बसून, दिलेला शब्द पाळून. तेथे सौदा ठरला की हात मिळवून 'मझल' म्हणण्याची रीत आहे. हा शब्द यहुदी व्यापाऱ्यांचा, पण आपल्या लोकांनीही तो मानला. माल पडद्यावर दिसतो, परंतु माणसाची पत पडद्यावर पुरती दिसत नाही.

ऑनलाइन व्यापाऱ्याची खरी अडचण त्याच्या एकटेपणात आहे. बाजारपेठेतील दुकानदाराला शेजारच्या दुकानातून बातमी मिळते: कोणता माल उठतो आहे, कोणाची उधारी बुडाली, कोणता दलाल भरवशाचा. खोलीत बसलेल्या विक्रेत्याला असा शेजार नाही. शिवाय त्याचे दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे आणि त्या जागेचे नियम मालक एका रात्रीत बदलू शकतो. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने शोधाच्या पद्धतीत 'पांडा' नावाचा बदल केला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला आणि अनेक संकेतस्थळांचे गिऱ्हाईक ओसरले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉक त्यांतील एक होते, आणि केवळ त्यावर ओळख उभारलेल्यांचा प्रेक्षक एका दिवसात हातचा गेला. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनधारकाच्या परवानगीविना त्याचा माग काढण्यास ॲपना मनाई केली. त्याचा फटका इतका मोठा होता, की २०२२ साली आपले सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न त्यामुळे घटेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतः मांडला. फेसबुकवर जाहिराती देऊन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही त्याची झळ बसली.

अशा प्रसंगी ज्याच्या ओळखीत समव्यवसायी दहा माणसे असतात, तो फोन उचलून विचारू शकतो. ज्याच्या नाहीत, तो अंधारात चाचपडतो. ही दहा माणसे जोडण्याचे ठिकाण म्हणजे परिषद.

पहिला लाभ खऱ्या आकड्यांचा. व्यासपीठावरील भाषण पुढे कधीतरी पडद्यावर ऐकता येईलही, पण चहाच्या वेळी शेजारी उभा असलेला विक्रेता जे सांगतो ते कोठेही छापले जात नाही. जाहिरातीवर शेकडा किती खर्च होतो, परत येणाऱ्या पार्सलांचे प्रमाण किती, कोणता कुरिअरवाला रक्कम वेळेवर देतो, हे आकडे माणूस चारचौघांत लिहीत नाही. विश्वास वाटला तर एकट्याला सांगतो.

हे हिशेबात मांडून पाहू. समजा, महिन्याला १,००० पार्सले जातात, त्यांतील १८ टक्के परत येतात आणि प्रत्येक परतीला १२० रुपयांचे नुकसान होते. परिषदेत भेटलेल्या कोणी सांगितले, की कॅश ऑन डिलिव्हरीची प्रत्येक ऑर्डर पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एक फोन करावा. त्यामुळे परतीचे प्रमाण १५ टक्क्यांवर आले, तर महिन्याला ३० पार्सले वाचली, म्हणजे ३,६०० रुपये वाचले. फोनचा खर्च किरकोळ धरला तर वीस हजारांचा खर्च सहा महिन्यांत वसूल होतो.

दुसरा लाभ नव्या गोष्टीची चाहूल लवकर लागण्याचा. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले, पण त्याचे नाव झाले ते मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या 'साउथ बाय साउथवेस्ट' या संमेलनात. चालकांनी तेथील मार्गिकांमध्ये मोठे पडदे लावले आणि जमलेल्यांचे संदेश त्यांवर झळकू लागले. रोजचे संदेश सुमारे २० हजारांवरून ६० हजारांवर गेले. इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेलाही रुजण्यासाठी एका छताखाली जमलेली माणसे लागली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरा लाभ बलाढ्य कंपन्यांचा कल प्रत्यक्ष पाहण्याचा. जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉनने लहान व्यापाऱ्यांसाठी दिल्लीत 'संभव' ही परिषद भरवली. जेफ बेझोस स्वतः आले आणि लहान उद्योगांना ऑनलाइन आणण्यासाठी १ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा त्यांनी केली. त्याच दिवसांत देशातील व्यापारी संघटनांनी बेझोस यांच्या भेटीविरुद्ध निदर्शनेही केली. जाणत्या व्यापाऱ्याने अशा वेळी दोन्ही बाजू ऐकाव्यात. ज्याच्या जागेत आपण दुकान मांडले, त्याचा हेतू आणि त्याविषयीची तक्रार, दोन्ही ठाऊक असणे हिताचे.

परिषद भव्यच असावी असे नाही. इंग्लंडमधील 'ब्रायटनएसईओ' २०१० मध्ये एका पबच्या माडीवरील खोलीत मोजक्या लोकांच्या बैठकीने सुरू झाली. आज तिला हजारो लोक येतात. आपल्या जिल्ह्याच्या गावी पंधरा ऑनलाइन विक्रेते तीन महिन्यांतून एकदा एखाद्या सभागृहात बसले, तर तीही परिषदच होय.

मात्र सावधानताही हवी. या क्षेत्रात व्यापार करणाऱ्यांपेक्षा व्यापार शिकवून पोट भरणारे अधिक झाले आहेत. वक्त्याची तासाभराची गोष्ट संपते आणि "आज रात्रीपर्यंतच सवलत" म्हणून पन्नास हजारांचा अभ्यासक्रम पुढे येतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. वक्ता आज स्वतः काही विकतो आहे काय? कार्यक्रमात प्रश्नोत्तरांना आणि परस्पर भेटींना मोकळा वेळ ठेवला आहे काय? मागच्या वर्षी गेलेला कोणी पुन्हा जाणार आहे काय? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर घरीच राहावे.

जाणाऱ्यानेही तयारीने जावे. आपल्या धंद्याच्या तीन नेमक्या अडचणी वहीत लिहून न्याव्यात. भाषणे ऐकण्याइतकाच वेळ माणसांना भेटण्यास द्यावा. दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपला एखादा अनुभव मोकळेपणाने सांगावा, कारण देणाऱ्यालाच मिळते, हा बाजाराचाही नियम आहे. रात्रीच्या भोजनात ओळखी वाढतात म्हणून आपला नेम मोडण्याचे कारण नाही. सकाळच्या चहाला किंवा दुपारच्या जेवणाला गाठ घालून ठेवता येते आणि सोबत डबा असला की अडचण राहत नाही. खर्चाची बिले पेढीच्या नावाने घ्यावीत. परतल्यावर आठवड्याच्या आत, ज्यांच्याशी मनमोकळे बोलणे झाले अशा पाच जणांना फोन करावा. तसे न केल्यास खिशातील व्हिजिटिंग कार्डे रद्दीत जातात.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. अनेक घरांत हा व्यापार सुना आणि मुली सांभाळतात. मालाची निवड, छायाचित्रे, गिऱ्हाइकांशी बोलणे, सारे त्यांच्या हातचे असते, परंतु परिषदेला जाण्याची वेळ आली की तिकीट निघते ते घरातील पुरुषाचे. जो धंदा चालवतो, त्यानेच शिकण्यास जावे, हा साधा हिशेब आहे. लेकरांना दोन दिवस सांभाळणे ही त्या धंद्यात आजी-आजोबांनी घातलेली भांडवलाची रक्कमच समजावी.

आणि ती परत आली की तिला खर्चाचा हिशेब जरूर विचारा. पण त्याआधी विचारा: कोण कोण भेटले, आणि त्यांतील कोणाच्या शब्दावर माल उधार देता येईल? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले, तर पुढच्या वर्षीचे तिकीट आपणहून काढून द्यावे.